नदी नसलेल्या शहरातील होडी

नाशिक म्हटले की गोदावरी आठवते, सांगली म्हटले की कृष्णा. गावाच्या नावामागोमाग नदीचे नाव आपोआप ओठांवर येते. बंगळूरचे तसे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर हे शहर वसले आहे आणि त्याच्याजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. जुन्या लोकांनी पावसाचे पाणी अडवून येथे तलाव बांधले. एक तलाव भरला की त्याचे पाणी ओढ्यावाटे खालच्या तलावात जाई. पुढे शहर वाढले आणि तलाव अपुरे पडले. आज शहराची तहान भागवणारे बहुतेक पाणी सुमारे १०० किलोमीटरवरील कावेरीतून येते. ते जवळजवळ ५०० मीटर वर चढवावे लागते. जेथे नदीच नाही, तेथे होडी कोठून असणार, असे कोणालाही वाटेल.

तरीही या शहरातील एका तलावाच्या काठी सकाळी एक होडी पालथी पडलेली दिसते. तिला पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही. धान्याच्या मोठ्या टोपलीसारखी ती वाटोळी आहे. दुरून पाहणाऱ्याला एखादे प्रचंड कासव उन्हात पहुडल्याचा भास व्हावा. जवळ तीन दगडांवर पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, डब्यात डांबर वितळत असते आणि मासे धरणारा एक मध्यमवयीन माणूस काठीला गुंडाळलेल्या चिंधीने ते डांबर होडीच्या पाठीवर लिंपत असतो.

ऐंशी वर्षांचे एक आजोबा आपल्या नातीबरोबर त्या वाटेने फिरावयास जातात. होडीजवळ आले की त्यांचे पाऊल अडते. ते वाकून पाहतात, सांध्यावरून बोट फिरवतात.

"आजोबा, चला ना. यात रोज पाहण्यासारखे काय असते?" नात विचारते.

"थांब जरा. धड असलेली वस्तू आपले गुपित सांगत नाही. दुरुस्तीला निघाली की ती पोट उघडे करून दाखवते."

आजोबांच्या या वेडामागे त्यांच्या वडिलांची आठवण आहे. त्यांचे घराणे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील कृष्णाकाठचे. त्या भागात नदीवर पूल थोडे होते. पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडे जाण्यासाठी गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडत. ज्या काहिलीत उसाचा रस उकळून गूळ तयार व्हायचा, तीच काहील माणसांना, धान्याच्या पोत्यांना आणि शाळेला निघालेल्या मुलांना नदीपार नेत असे. वाटोळे भांडे पाण्यावर कसे तरंगते आणि कसे गरगरते, हे आजोबांच्या वडिलांनी लहानपणीच अनुभवले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पोटासाठी बंगळूरला आले आणि कारखान्यात फिटर झाले. नदीकाठचा मुलगा नदी नसलेल्या शहरात आला. पण होडीने त्याची पाठ सोडली नाही. ती हकिगत पुढे येईलच.

तलावाकाठच्या या वाटोळ्या होडीला कानडीत हरिगोलु म्हणतात. मराठीत तिला टोपलीची होडी म्हणता येईल, कारण ती बांधली जात नाही, विणली जाते. प्रथम बांबू चिरून त्याच्या लांब, लवचीक कांब्या काढतात. वाळून कडक झालेला बांबू वाकवताना मोडतो. म्हणून तो ओला असतानाच काम उरकावे लागते. जमिनीवर मधोमध काही कांब्या एकमेकींवर आडव्यातिडव्या मांडून विणकामाला आरंभ होतो. विणणारा त्या जाळीवरच पाय रोवतो. त्याच्या अंगाचे वजन कांब्यांना जागेवर धरून ठेवते; निराळा साचा लागत नाही. तळ पुरेसा रुंद झाला की कांब्यांची टोके वर वळवून बाजू विणतात आणि शेवटी काठाला जाड वेढा देऊन तो घट्ट आवळतात. तळाला अधिक कांब्या घालून बळकटी आणतात. या सगळ्यात मोजपट्टी क्वचितच वापरली जाते. वीत, हात आणि पाऊल ही तेथील मापे.

एवढे झाले तरी ती टोपलीच असते. तिची होडी होते ती वरच्या आवरणाने. पूर्वी या सांगाड्यावर जनावरांचे कातडे शिवून ताणून बसवत. कातडे सतत ओले राहिले तर कुजते. म्हणून दिवसाचे काम संपले की होडी पाण्याबाहेर काढून पालथी घालावी लागे. कातड्याची जागा पुढे जाड कापडाने आणि पोत्यांनी घेतली, त्यानंतर प्लास्टिकच्या ताडपत्रीने. त्यावर डांबराचा लेप आला. काही ठिकाणी आता साच्यातून काढलेल्या फायबरच्या होड्याही दिसतात. साहित्य बदलले तरी निगा राखण्याची रीत बदलली नाही. रोज वाळवावे, रोज तपासावे, जेथे पाणी झिरपेल तेथे ठिगळ लावावे आणि त्यावर डांबर फिरवावे. अशी होडी फार वर्षे टिकत नाही. बांबू थकतो, आवरण विरते आणि एके दिवशी ती मोडीत निघते. तोपर्यंत तिच्या शेजारी दुसरी विणून तयार झालेली असते.

ही होडी चालवणेही सोपे नाही. नावाडी एकच वल्हे घेऊन पुढच्या बाजूस बसतो आणि पाणी आपल्याकडे ओढतो. हात चुकला की होडी जागच्या जागी गरगर फिरू लागते. परंतु तिच्या या वाटोळेपणातच तिचा मोठा गुण दडलेला आहे. तुंगभद्रेच्या पात्रात हंपी आणि आनेगुंदी यांच्या दरम्यान ठिकठिकाणी ग्रॅनाइटचे खडक आहेत. फळ्यांची होडी अशा खडकावर आदळली तर तिचा सांधा निखळतो. बांबूची टोपली दबते, वाकते आणि खडकावरून घसरून पुढे जाते. ती उथळ पाण्यातही चालते आणि काठावर आल्यावर एक माणूस लहान होडी डोक्यावर घेऊन घरी जाऊ शकतो.

सुमारे १५२० साली डोमिंगो पायस हा पोर्तुगीज प्रवासी विजयनगरला आला होता. त्याने आपल्या वृत्तांतात या होड्यांचे वर्णन केले आहे. त्या टोपलीसारख्या वाटोळ्या असून त्यांवर कातडे चढवलेले असते, त्यांत पंधरा-वीस माणसे बसतात, प्रसंगी घोडे आणि बैलही नेले जातात आणि त्या सारख्या फिरत राहतात, असे त्याने नोंदवले आहे. कृष्णदेवरायाचे वैभव पाहून दिपलेल्या त्या प्रवाशाच्या नजरेतून नदीवरची ही साधी टोपली निसटली नाही, याचे नवल वाटते.

पुढे १६३८ साली बंगळूर विजापूरच्या आदिलशाहीकडे आले आणि तेथील जहागीर शहाजीराजांना मिळाली. तेव्हापासून मराठी माणसांचे या शहराशी नाते आहे. विजापूर आणि बंगळूर यांच्यामध्ये कृष्णा व तुंगभद्रा या दोन मोठ्या नद्या आडव्या येतात. जो कोणी या वाटेने गेला, त्याला या नद्यांपुढे थांबावे लागलेच. नदीला पूर आला म्हणजे सैन्य असो की व्यापाऱ्यांचा तांडा असो, नावाड्याच्या शब्दाबाहेर कोणाला जाता येत नसे. १७८६ साली पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके आणि टिपू सुलतान यांच्यात युद्ध चालू होते. भर पावसाळ्यात तुंगभद्रा दुथडी भरून वाहत असताना टिपू पलीकडे येणार नाही, असा मराठ्यांचा अंदाज होता. टिपूने तराफे आणि टोपलीच्या होड्या यांच्या साहाय्याने सैन्य नदीपार आणले आणि तो अंदाज खोटा ठरवला. १८०३ साली म्हैसूरकडून पुण्याकडे निघालेल्या आर्थर वेलस्लीनेही वाटेवरील नद्यांसाठी अशा होड्या तयार ठेवण्याकडे विशेष लक्ष दिले होते. युद्धांच्या इतिहासात सेनापतींची नावे राहिली. पुराच्या पाण्यात वल्हे धरून बसलेल्या नावाड्यांची आणि रात्रंदिवस कांब्या विणणाऱ्या बुरुडांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

एका काळात मात्र अशी दोन नावे राहिली. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होते आणि मेदार केतय्याही होते. चौडय्यांचा व्यवसाय नाव चालवण्याचा, केतय्यांचा बांबूकामाचा. दोघांनीही आपापल्या अनुभवातून वचने रचली. ती आजही कानडी साहित्यात मानाने वाचली जातात. महाराष्ट्रात गोरोबांनी चिखल तुडवत आणि सावतोबांनी मळा शिंपत जे सांगितले, त्याच वाटेवरचे हे दोघे प्रवासी होत. हाताला घट्टे पडलेल्या माणसाजवळही विचार असतो आणि त्या विचाराला शब्द मिळू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. एकाने विणावे आणि दुसऱ्याने वल्हवावे, तेव्हा कोठे होडी पैलतीराला लागते.

वाटोळी होडी ही केवळ कर्नाटकाची मिरास नाही. तमिळ भाषेत तिला परिसल म्हणतात आणि तेलुगूत पुट्टी. इराकमध्ये तैग्रिस नदीवर अगदी विसाव्या शतकापर्यंत डांबर फासलेल्या टोपलीच्या होड्या चालत. त्यांना कुफा म्हणत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने बाबिलोनला माल घेऊन येणाऱ्या कातडी होड्यांची एक मौज लिहून ठेवली आहे. प्रवाहाविरुद्ध परत जाणे अशक्य असल्याने व्यापारी होडीतच एक गाढव घेऊन येत. माल संपला की लाकडी सांगाडाही विकून टाकत आणि कातडी गाढवावर लादून पायी घरी जात. सांगाडा कोठेही मिळेल, पण पाणी अडवणारे आवरण मोलाचे, हा हिशेब त्यांनाही ठाऊक होता. त्याच इराकमधील सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या एका मृत्तिकापट्टीवर अशाच प्रचंड वाटोळ्या नौकेचे वर्णन सापडले. त्याबरहुकूम केरळात तज्ज्ञांनी एक नौका बांधून पाहिली. ती तरंगली खरी. परंतु तळातून पाणी झिरपत राहिले आणि ते पंपाने उपसावे लागले. ग्रंथातून आकार कळला होता, मापेही कळली होती. पाणी अडवणारा लेप कसा जमवावा, ही जाण मात्र अशा नौका रोज लिंपणाऱ्यांबरोबरच लोपली होती.

आता आजोबांच्या वडिलांची हकिगत. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. युद्धाचा जोर वाढल्यावर तेथे मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. १९४३ मध्ये कारखान्याची व्यवस्था अमेरिकेच्या हवाई दलाकडे गेली. दुरुस्तीसाठी येणाऱ्या विमानांत कॅटलिना नावाची विमाने होती. त्यांचे पोट होडीच्या आकाराचे असे आणि ती पाण्यावर उतरत. समुद्रावर गस्त घालणारी ही उडती होडी बंगळूरला कोठे उतरणार? कारखान्यापासून जवळच बेळ्ळंदूरचा विस्तीर्ण तलाव होता. सुमारे ३२ मीटर लांबीचे पंख पसरून ती विमाने त्या तलावाच्या पाण्यावर उतरत. ज्या शहराला नदी नव्हती, त्या शहरात अशा रीतीने होड्यांच्या दुरुस्तीचे काम जोरात चालू झाले.

त्या विमानांचे पोट पातळ धातूच्या पत्र्यांचे होते आणि पत्रे हजारो रिव्हेटांनी जोडलेले होते. पाण्यावर आदळून रिव्हेट सैल झाले, खाऱ्या पाण्याने पत्रा खाल्ला, की आत पाणी झिरपू लागे. आजोबांचे वडील घरी आल्यावर सांगत, "कातडे असो की पत्रा असो, पाण्याला चोरवाट सापडतेच. ती त्याच्याआधी आपल्याला सापडली पाहिजे." त्यांचा एक लहान हातोडा आजोबांनी आजही जपून ठेवला आहे. त्याचा दांडा दोनदा बदलला, पण हातोडा तोच, असे ते हसत सांगतात.

त्या बेळ्ळंदूर तलावावर आज कोणतीही उडती होडी उतरू शकणार नाही. शहर पसरत गेले, ओढ्यांची गटारे झाली आणि वर्षानुवर्षे सांडपाण्याचा मोठा लोंढा या तलावात येत राहिला. साबण आणि कपडे धुण्याची रसायने पाण्याबरोबर आली. त्यांचा पांढरा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर पसरू लागला. २०१५ मध्ये, २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये या तलावाला आग लागली. ती विझवण्यासाठी सैनिकांना बोलवावे लागले. पाणी आग विझवते, हे लहान मूलही सांगेल. पण येथे पाण्यावरच आग पेटली होती. त्यानंतर राष्ट्रीय हरित लवादाने कठोर आदेश दिले, गाळ काढण्याचे आणि सांडपाणी अडवण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु अनेक दशकांत बिघडलेले पाणी एका दिवसात सुधारत नाही.

तिकडे तुंगभद्रेवरही काळ बदलला. हंपीजवळ नदीवर उभारला जात असलेला एक पूल जानेवारी २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि त्यात कामगारांचे प्राण गेले. पुढे नदीवर दुसऱ्या ठिकाणी पूल झाला. पूल हवाच होता, हे नाकारता येणार नाही. पुराच्या दिवसांत बाळंतीण अडली, कोणाला साप चावला, तर होडीची वाट पाहत काठावर बसण्याचे दुःख ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. भरलेली होडी उलटून घरेच्या घरे दुःखात बुडाल्याच्या घटनाही नदीकाठाला नवीन नाहीत. पूल आल्यावर टोपलीची होडी पर्यटकांना फिरवण्यापुरती आणि मासेमारीपुरती उरली. जे कौशल्य गरजेपोटी शिकले जात होते, ते आता शिकावे की नाही, असा प्रश्न नावाड्याच्या मुलाला पडला तर त्याला दोष देता येत नाही.

पण होडी गेली म्हणून डागडुजीची गरज संपली, असे मात्र नाही. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि तो दरवाजा वाहून गेला. सत्तर वर्षांपूर्वी बांधलेले एवढे बलाढ्य धरण, पण एका साखळीमुळे लाखो शेतकऱ्यांच्या पिकाचे पाणी वाहू लागले. तेव्हा या कामात आयुष्य घालवलेल्या, निवृत्त झालेल्या जाणकारास बोलावण्यात आले आणि आठवडाभरात वाहत्या पाण्यातच तात्पुरते पोलादी अडसर बसवले गेले. वृत्तपत्रातील ती बातमी आजोबांनी नातीला दोनदा वाचून दाखवली होती.

त्या दिवशी तलावाकाठी आजोबांनी मासेमाराला कानडीत विचारले, "काय तम्मा, आणखी किती दिवस चालेल ही?"

त्याने होडीच्या पाठीवर थाप मारली. "हिची काळजी नको, अज्जा. हिला मी लिंपत राहीन. ही गेली तर दुसरी विणून घेईन. पण मासे पूर्वीसारखे मिळत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो." थोडे थांबून तो म्हणाला, "होडी फुटली तर मी लिंपतो. हे पाणी फुटले आहे, ते कोणी लिंपायचे?"

आजोबा काही बोलले नाहीत. त्या माणसाने फारशी शाळा पाहिली नव्हती. पण ज्या प्रश्नाभोवती मोठमोठे अहवाल फिरत असतात, तो त्याने एका वाक्यात समोर ठेवला होता. होडी एकाच्या मालकीची असते, म्हणून तिचे भोक त्याला त्याच दिवशी दिसते. तलाव सगळ्यांचा असतो, म्हणून त्याचे भोक कोणालाच दिसत नाही. कांबी कोठे सैल झाली, लेप कोठे निघाला, पाणी कोठून झिरपते, हे होडीवाला रोज उठून पाहतो. शहराने आपल्या तलावाकडे असे रोज पाहिले असते, तर त्यावर आग पेटण्याची वेळ आली नसती.

परत निघताना नात स्वतःच थांबली. डब्यातील डांबर संपत आले होते. होडीच्या काठाशी बोटभर जागा लिंपायची राहिली होती. तिने ती मासेमाराला दाखवली. त्याने मान डोलावली, डब्याचा तळ खरवडला आणि उरलेले डांबर त्या जागेवर फिरवले.

"आजोबा, घरासमोरच्या गटाराचे पाणी पुढे कोठे जाते?" वाटेत तिने विचारले.

आजोबांनी तलावाकडे येणाऱ्या ओढ्याच्या दिशेने बोट दाखवले. मग दोघेही त्या ओढ्याच्या काठाकाठाने, पाणी कोठे बिघडते ते पाहत, घराकडे चालू लागले.